धर्मराजाचे कुत्रे आणि आमचा मोती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिन्याचा शेवट होता. ऑफिसला जोडून तीन दिवस सुट्टी आली होती आणि बऱ्याच दिवसांनी पाय मोकळे करावेत असे वाटत होते. सत्तरीत एका नातेवाइकांकडे मुक्काम होता. सकाळी चहा झाला आणि आमच्या मोतीला घेऊन मी गावामागच्या डोंगरावर निघालो. निघायला नऊ वाजले. नऊ म्हणजे सरकारी नोकराच्या हिशेबाने सकाळच! वर सडा आहे, तिथून खालचे खोरे फार सुंदर दिसते, एवढेच मला ठाऊक होते. पाण्याची एक बाटली बरोबर होती. ती अर्थातच माझ्यासाठी.

साडेदहापर्यंत आम्ही सड्यावर पोचलो. ज्यांनी गोव्याचा किंवा कोकणचा सडा पाहिला आहे त्यांना सांगायला नको. काळपट तांबूस जांभा दगड, झाडाची सावली नाही, आणि मार्चमध्ये दहाच्या पुढे तो दगड तव्यासारखा तापतो. मोती सुरुवातीला पुढे पुढे धावत होता. मग माझ्या बरोबरीने चालू लागला. मग मागे पडला. मी समजलो, आळस करतोय. हाका मारल्या की बिचारा येत होता. उतरताना मात्र त्याचे पाय लटपटले, तोंडातून दाट लाळ गळू लागली आणि काजूच्या बागायतीच्या कडेला तो जो बसला तो उठेचना.

तिथे काजी गोळा करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी एक शब्द न बोलता आपली कळशी आणली, मोतीच्या पोटाखाली, मांड्यांत, पायांवर पाणी ओतले, त्याला सावलीत ओढले. मी माझ्या बाटलीतले उरलेले पाणी त्याच्या तोंडात ओतायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. ठसका लागेल म्हणून. पंधरा-वीस मिनिटांनी मोतीने स्वतःहून पाणी चाटले. तेव्हा कुठे ते गृहस्थ माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "बाब, तुज्या पांयांत व्हाणो आसात. ताच्या?"

मी मान खाली घातली. दुपारी पशुवैद्यांकडे नेल्यावर कळले की मोतीच्या पंज्यांना फोड आले होते. अर्धा तास आणखी गेला असता तर जनावर हाती लागले नसते, असेही त्यांनी सांगितले.

त्या एका प्रश्नाने मला पुढे बरेच वाचायला लावले. मी कला शाखेचा पदवीधर. इतिहास हा माझा आवडीचा विषय, पण कुत्र्याचा इतिहास कोण वाचतो? तो वाचला आणि लक्षात आले की माणूस आणि कुत्रा यांनी मिळून डोंगर चढणे ही काही आजच्या ट्रेकिंगवाल्या मुलांची टूम नव्हे. ती फार जुनी वाट आहे. आणि त्या वाटेचे काही नियम पूर्वीच्यांनी आपल्यापेक्षा बरे ओळखले होते. त्यातले थोडे आज वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात वेदांपासून करता येते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा आणि पणी यांचा संवाद आहे. इंद्राच्या गायी पणींनी दडवून ठेवल्या. त्यांचा माग काढायला गेली ती सरमा, देवांची कुत्री. रसा नावाची नदी ओलांडून, लांबची वाट तुडवून ती एकटी पणींपर्यंत पोचते. ते तिला तू आमची बहीण हो, इथेच राहा, अशी लालूच दाखवतात. ती बधत नाही. आपल्या वाङ्मयातली वाट शोधणारी पहिली प्रवासी ही अशी चार पायांची आहे. कुत्र्यांना सारमेय म्हणतात ते तिच्यावरूनच.

दुसरी कथा सर्वांना ठाऊक आहे. महाभारताचे सतरावे पर्व, महाप्रास्थानिक. पाच पांडव, द्रौपदी आणि सातवे एक कुत्रे हस्तिनापुराहून निघतात. हिमालय ओलांडून मेरूकडे जाताना आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. शेवटी उरतात तो आणि ते कुत्रे. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला रथात जागा नाही म्हणतो. युधिष्ठिर म्हणतो, मग मलाही नको. शरण आलेल्याला टाकणे हे मोठे पाप आहे, आणि स्वर्गासाठी ते मी करणार नाही. मग ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता हे उघड होते.

लहानपणी ही कथा ऐकली तेव्हा शेवटचा चमत्कार आवडला होता. आता मधला भाग जास्त भावतो. युधिष्ठिराने कुत्र्याला बोलावले नव्हते. ते आपणहून मागे लागले होते. तरीसुद्धा एकदा ते आपल्याबरोबर चालले म्हणजे त्याचा भार आपल्यावर आला, हे त्याने मानले. मी तर मोतीला दोरी लावून स्वतः नेले होते! न बोलावलेल्या कुत्र्याबद्दल धर्मराजाची ही भूमिका, तर बोलावलेल्याबद्दल आपली काय असायला हवी?

आपल्या संतांनीही हे सोपे करून सांगितले आहे. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना चार वेद मानतात. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रे असते आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेतात. एकीकडे कुत्र्याला अपवित्र म्हणून ओसरीवर चढू न देणारा समाज, दुसरीकडे त्याला देवाच्या शेजारी बसवणारा. दोन्ही आपलेच.

पण या झाल्या कथा. इतिहासाचा माणूस पुरावा मागतो. तर पुरावाही आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तिथला एक शिलालेख शके ८७२ चा, म्हणजे इ. स. ९४९-५० चा आहे. लेख कानडीत आहे. काळ राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा. हे राष्ट्रकूट आपल्याला परके नाहीत. दक्षिण कोकणचे शिलाहार त्यांचेच मांडलिक होते. ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. त्याला मारणारा गंग राजा दुसरा बूतुग हा कृष्णाचा मेहुणा. बक्षीस म्हणून कृष्णाने बूतुगाला बनवासी, बेळवोल वगैरे प्रांत दिले. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा एक शूर सरदार होता. त्याने लढाईत पराक्रम केला म्हणून बूतुग त्याला म्हणाला, हवे ते माग.

आता माझ्यासारखा कारकून असता तर त्याने गाव मागितला असता, निदान बढती तरी. मणलेराने राजाचे 'काळी' नावाचे शिकारी कुत्रे मागितले!

ते त्याला मिळाले. पुढे एकदा बेळतूरच्या डोंगरात त्याने काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडले. कुत्रे आणि डुक्कर दोघेही त्या झुंजीत मेले. मणलेराने आतकूरला चल्लेश्वराच्या देवळापुढे काळीच्या नावाने दगड उभारला. वर कुत्र्याची आणि डुकराची झुंज कोरली आणि त्या दगडासाठी जमीन दान दिली. जमिनीचा उपभोग घेणाऱ्या गोरवाने, म्हणजे शैव पुजाऱ्याने, दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये, जेवला तर पाप लागेल, अशी अटही घातली. आज हा दगड बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

वीस वर्षे फायली चाळल्यामुळे असेल, पण हा लेख मला एखाद्या चोख सरकारी आदेशासारखा वाटतो. प्रसंग, कारण, तरतूद, अंमलबजावणी करणारा, आणि कसूर केल्यास शिक्षा. सगळे आहे. मात्र त्या कोरड्या आदेशाच्या आत एका माणसाचे दुःख आहे. लढाईत हजारो मेले, साम्राज्याचे प्रांत इकडचे तिकडे झाले, आणि त्याच दगडावर एका कुत्र्याचे नाव हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. मला कधी कधी वाटते, मणलेराला टोचणीही असेल. सोडले त्यानेच होते ना! अर्थात हे माझे वाटणे. दगड एवढे सांगत नाही.

इथे रायगडावरच्या वाघ्याची आठवण वाचकांना होणारच. महाराजांच्या समाधीजवळची ती कुत्र्याची समाधी लहानपणी सहलीत आपण सर्वांनी पाहिली आहे. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा ऐकून डोळेही पुसले आहेत. पण ते स्मारक विसाव्या शतकातले आहे आणि शिवकालीन साधनांत या कुत्र्याचा पुरावा सापडत नाही, असे अभ्यासक सांगतात. २०१२ साली ते काही जणांनी हटवले, नंतर पुन्हा बसवले गेले. २०२५ साली ते काढावे या मागणीवरून पुन्हा वाद पेटला. मी त्या वादात पडत नाही. एवढेच म्हणतो की कुत्र्याचे प्रेम सिद्ध करायला दंतकथेची गरज नाही. आतकूरचा दगड पुरेसा आहे.

आता थोडे दूर जाऊ. कुत्र्याबरोबर डोंगर चढण्याची सर्वांत तपशीलवार हकीकत मला सापडली ती युरोपातल्या आल्प्समधली, एकोणिसाव्या शतकातली.

स्वित्झर्लंडमध्ये ख्रिश्चन आल्मर नावाचा नामांकित वाटाड्या होता. १८६५ साली चिंगेल नावाच्या खिंडीतून जाताना त्याच्याबरोबर एक छोटी कुत्री होती. खिंडीचेच नाव तिला पडले. चिंगेल! आपल्याकडची चिंगीच जणू. तीन वर्षे तिने आल्मरचे घर राखले. १८६८ साली डब्ल्यू. ए. बी. कूलिज हा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा आयगर शिखर चढायला गेला आणि त्याला अर्ध्यातून परतावे लागले. तो हिरमुसला म्हणून आल्मरने त्याला ही कुत्री भेट दिली. कूलिजबरोबर त्याची मावशी असे, मेटा ब्रेवूर्ट. ती त्या काळातली धाडसी गिर्यारोहक. पुढे हे तिघे आणि वाटाडे मिळून वर्षामागून वर्षे हिमशिखरे चढत राहिले. चिंगेलच्या नावावर ६६ मोठ्या चढाया आहेत. २४ जुलै १८७५ रोजी ती मों ब्लां या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या शिखरावर पोचली, तीही आपल्या पायांनी. खाली शामोनी गावात तोफ उडवून तिचे स्वागत झाले.

गंमत अशी की लंडनच्या ज्या अल्पाइन क्लबने १८५७ पासून पुढे शंभरहून अधिक वर्षे बायकांना सभासद करून घेतले नाही, त्या क्लबची मानद सभासद म्हणून चिंगेलचा उल्लेख होत असे. मावशीला दार बंद आणि कुत्रीला मान! मेटाबाईंना काय वाटले असेल ते त्याच जाणोत.

पण मला या कथेत तोफेपेक्षा दुसरेच महत्त्वाचे वाटते. चिंगेलला त्यांनी नुसते ओढत नेले नाही. बर्फाच्या भेगा असलेल्या भागात तिच्या गळपट्ट्याला दोरी बांधून तिला माणसांच्या दोरीत घेत. उभ्या खडकावर वाटाडे तिला उचलत. धारदार बर्फाने तिचे पंजे रक्ताळत म्हणून तिच्यासाठी चामड्याचे बूट करवले. तिने ते झटकून टाकले ही गोष्ट वेगळी, पण करवले होते. म्हणजे आमच्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांनी मला जो प्रश्न विचारला तो त्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वी आपणहून पडला होता. चिंगेल १८७९ साली म्हातारी होऊन इंग्लंडमध्ये घरात चुलीजवळ झोपेत गेली. डोंगरात नव्हे. हेच तिच्या माणसांचे खरे यश.

असो. इतिहास इथे संपवून थोडे आजचे बोलतो, कारण हल्ली पावसाळा सुरू झाला की आमच्या धबधब्यांवर कुत्री घेऊन येणारी तरुण मंडळी बरीच दिसतात. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. चूक केलेल्या माणसाचा अनुभव म्हणून वाचावे.

पहिली गोष्ट उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करते. आपल्याला नुसते उकडते तेव्हा त्याच्या जिवावर बेतलेले असते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही नीट टाकता येत नाही, त्यांना डोंगरावर नेऊच नये. आपला तळहात उलटा करून दगडावर पाच-सात सेकंद ठेवता आला नाही तर त्या दगडावरून कुत्र्याला चालवू नये. उजाडताना निघावे, ऊन चढण्याआधी परतावे. त्याचे पाणी वेगळे न्यावे आणि त्याने मागायची वाट न बघता मधून मधून द्यावे. धाप थांबेना, हिरड्या लालबुंद झाल्या, चाल लटपटली की थांबावे, सावलीत न्यावे, पोटावर आणि पायांवर पाणी ओतावे, जबरदस्तीने पाजू नये, आणि अंग जरा निवले की थेट पशुवैद्यांकडे न्यावे.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. आमचे कुत्रे शहाणे आहे, ते कुठे जात नाही, असे सगळेच म्हणतात. पण रानात डुकरांसाठी लावलेले तारेचे फास असतात. ते शहाणे कुत्रे आणि वेडे डुक्कर यांत फरक करत नाहीत. झुडपात नाक खुपसायची खोड आणि घोणस यांची गाठ पडली तर काय होते हे सांगायला नको. आणि बिबटा. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे संध्याकाळच्या वेळी रानवाटेवर मोकळे सोडलेले कुत्रे आपली राखण करत नसते. ते आमिष असते.

तिसरी गोष्ट लहान जिवांची. पावसात जळवा आणि बाराही महिने गोचिडी. आमच्या सत्तरीने २०१५ पासून माकडताप अनुभवला आहे. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा आजार गोचिडीमार्फतच माणसाला होतो. रानातून आल्यावर कुत्र्याचे कान, काखा, बोटांच्या फटी तपासाव्यात, आणि आपलेही अंग. साचलेले पाणी त्याला पिऊ देऊ नये, लेप्टोची भीती असते. रेबीजची लस तर चुकवूच नये. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोझेफ माइस्टर या मुलाला ती टोचली तेव्हापासून हा मृत्यू टाळता येतो हे जगाला कळले. गोवा २०२१ साली रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला, तो हजारो कुत्र्यांना दरवर्षी लस दिली म्हणून.

चौथी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. आपण कुत्र्याला रानापासून जपायचे, तसे रानालाही कुत्र्यापासून जपायचे असते. २०१८ साली गीरमध्ये थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांतल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांना होणारा रोग, त्याची लस मिळते. आपले कुत्रे सशामागे, मोराच्या पिलामागे धावते तेव्हा आपल्याला कौतुक वाटते, त्या पिलाला काय वाटते? म्हणून म्हादई, नेत्रावळी यांसारख्या अभयारण्यांत पाळीव कुत्रे नेऊ नये. नाक्यावरचा वनरक्षक अडवतो तेव्हा वाद घालू नये. मीही एकेकाळी घालत असे. कारकुनाला दुसऱ्या खात्याचा नियम नेहमी जाचकच वाटतो!

शेवटी पुन्हा धर्मराज. इंद्राच्या रथापाशी तो अडून बसला ते कुत्र्याने फार सेवा केली म्हणून नव्हे. त्या कुत्र्याने वाटेत काही केल्याचे व्यासांनी लिहिलेच नाही. ते नुसते बरोबर चालले. कुत्रे आपल्यावर एवढाच विश्वास टाकते, की हा जाईल तिथे मी जाईन. पुढे कडा आहे की तापलेला सडा, हे ते विचारत नाही. ते विचारणे आपल्याकडे असते.

मोती आता बारा वर्षांचा झाला आहे. डोंगर त्याचा संपला. सकाळी उजाडताना आम्ही दोघे देवळापर्यंत जातो, तळीच्या काठाने फेरी मारतो आणि परततो. त्याच्या उजव्या पंज्यावर त्या दिवसाचा गुळगुळीत डाग अजून आहे. दाराशी चपला घालताना माझे लक्ष हटकून तिकडे जाते, आणि चपला घालण्याआधी मी उंबऱ्याबाहेरच्या दगडावर हात ठेवून बघतो.